सोलापूरची वाट आणि मोबाइलमधील नकाशा : उपग्रहीय मार्गदर्शनाच्या साधननिवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीत उपग्रहाच्या साहाय्याने वाट दाखविणारे साधन म्हणून कोणता मोबाइल घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील खरेदीचा आहे. पडदा केवढा, बॅटरी किती वेळ टिकते, किंमत काय, एवढ्यावर तो संपतो असे ग्राहकाला वाटते. परंतु २००७ ते २०१६ या काळात हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला, कळत वा नकळत, आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत होते. नकाशा कोठे ठेवलेला असावा, हातातील यंत्रात की दूरच्या एखाद्या सर्व्हरवर? आणि तो चुकला तर दुरुस्त कोण करणार? सोलापूर हे शहर या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरते. तीन महत्त्वाचे महामार्ग येथे एकत्र येतात, कर्नाटकची हद्द जवळ आहे, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा येथे रोजच्या व्यवहारात बोलल्या जातात, आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर या तीर्थक्षेत्रांमुळे वाट न ठाऊक असलेला प्रवासी येथे वर्षभर येत असतो. प्रस्तुत लेखात या शहराच्या संदर्भात वाट शोधण्याच्या साधनांचा इतिहास तपासला असून मोबाइलची निवड हा त्या इतिहासातील एक टप्पा मानला आहे.

वेस, नाका आणि पेठ

सोलापूर शहराची जुनी वाटदर्शक व्यवस्था त्याच्या नावांतच साठविलेली आहे. तुळजापूर वेस, विजापूर वेस, पुणे नाका, अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता, हैदराबाद रस्ता, मंगळवेढा रस्ता ही नावे त्या ठिकाणी काय आहे हे सांगत नाहीत, तेथून पुढे कोठे जाता येईल हे सांगतात. वेशीची भिंत आणि दरवाजा काळाच्या ओघात गेला, तरी नावातील दिशा शिल्लक राहिली. सात रस्ता या नावात तर केवळ मोजणी आहे. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे वाराची. परगावच्या माणसाने चौकात गाडी थांबवून विचारावे आणि चार पुतळ्यांवरून डावीकडे, तळ्याच्या कडेने सरळ असे उत्तर मिळावे, अशी ही व्यवस्था होती. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे हुतात्मे अशा प्रकारे रोजच्या वाटदर्शनाचाही भाग झाले आहेत.

या नकाशाला कागद लागत नसे. तो दुरुस्तही लगेच होई, कारण पूल खचला की दुसऱ्या दिवशी पानटपरीवरचा माणूस वेगळी वाट सांगू लागे. त्याची मर्यादा एवढीच की तो जागेवरच्या माणसाबरोबर राही आणि प्रवाशाबरोबर पुढे जात नसे.

लांबच्या प्रवासाची स्मृती वेगळ्या पद्धतीची होती. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मार्ग वारकऱ्याला आजही मुक्कामांच्या क्रमाने पाठ असतो : आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. यात कोठे वळायचे याची नोंद नाही, कोठे थांबायचे याची आहे. मजल दरमजल चालणाऱ्याला तेवढे पुरेसे होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापुरात पोहोचली. पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. रेल्वेने वाट माहीत असण्याची गरज प्रवाशाकडून काढून घेतली, ही गोष्ट इतिहासलेखनात फारशी नोंदली जात नाही. तिकीट काढणाऱ्याला स्थानकाचे नाव कळले की झाले. मोटार आल्यावर ती गरज पुन्हा प्रवाशावर, म्हणजे चालकावर, येऊन पडली.

पत्रकावरचे सोलापूर

शासकीय नकाशाचा इतिहास याहून वेगळा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. विल्यम लॅम्बटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजण्यास आरंभ केला. १८२३ मध्ये तो हिंगणघाट येथे, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, मरण पावला तेव्हाही काम अपूर्ण होते. या मोजणीवर पुढे जी पत्रके तयार झाली त्यांच्या जुन्या क्रमांकपद्धतीत सोलापूर शहर ४७ ओ/१४ या पत्रकावर येते. ७६ अंश पूर्व रेखावृत्त शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवरून जात असल्याने तेथे ४७ क्रमांकाचे पत्रक संपते आणि ५६ क्रमांकाचे सुरू होते. परिणामी चाळीस किलोमीटरवरील अक्कलकोटला जाण्यासाठीही दुसरे पत्रक हाताशी असावे लागे. सोलापूरकराची रोजची वाट अशा रीतीने नकाशाच्या कडेवर पडलेली होती.

ही पत्रके सामान्य मोटारचालकाने सहसा वापरली नाहीत, ती सर्वेक्षक, अभियंता आणि सैन्य यांच्यासाठी होती. चालकाचा आधार मैलाचा दगड होता, आणि दशमान पद्धती आल्यावर किलोमीटरचा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गाचा हिरवा, एवढे ज्ञान बहुतेक चालकांना होते. ठिकाणाला अंक देण्याचा एक मोठा भारतीय प्रयोगही एका मराठी माणसाच्या नावावर आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताने आखलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि सोलापूरच्या मुख्य टपाल कचेरीला ४१३००१ हा क्रमांक मिळाला. तो पत्राला वाट दाखवतो, मोटारीला नाही.

महामार्गांचे क्रमांक मात्र चालकाच्या तोंडी बसले होते. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा ९, सोलापूर-विजापूर-मंगळूर हा १३ आणि सोलापूर-धुळे हा २११. २०१० साली केंद्र शासनाने देशभरातील महामार्गांचे पुनर्क्रमांकन केले. ९ चा ६५ झाला, तर धुळ्याकडून येणारा आणि विजापूरकडे जाणारा हे दोन्ही रस्ते ५२ या एकाच क्रमांकात सामावले गेले. मोबाइलवरील मार्गदर्शन सामान्यांच्या हाती येण्याचा काळ नेमका हाच होता. त्यामुळे बोलणारा, पाटी आणि नकाशा यांच्याकडे एकाच रस्त्याचे भिन्न क्रमांक असण्याची वेळ आली.

उपग्रहाचा मार्ग

अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन विमान सोव्हिएत हद्दीत भरकटून पाडले गेल्यावर ही व्यवस्था नागरी उपयोगासाठी खुली करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनाने केली. तरीही नागरी संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळली जात असे आणि सुमारे शंभर मीटरची अनिश्चितता राहत असे. शंभर मीटरमध्ये सोलापूरच्या नवी पेठेतील दोन-तीन गल्ल्या सहज मावतात. मे २००० च्या प्रारंभी ही चूक काढून टाकण्यात आली आणि त्या दिवसापासून मोटारीतील मार्गदर्शन व्यवहार्य झाले. कारगिल युद्धात अमेरिकेने भारताला माहिती नाकारल्याची हकिकत वारंवार सांगितली जाते. परकीय संकेतावर विसंबण्याचा धोका समजण्यासाठी त्या हकिकतीची आवश्यकता नाही, संकेतात चूक मिसळण्याचा अधिकार दुसऱ्या देशाकडे होता एवढे पुरे आहे.

भारतीय व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी अवकाशात गेला. तिला नाविक हे नाव देण्यात आले. या मालिकेतील काही उपग्रहांची आण्विक घड्याळे नंतर बंद पडली. स्वदेशी घड्याळ असलेला उपग्रह मे २०२३ मध्ये यशस्वी झाला, परंतु जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला पुढचा उपग्रह इच्छित कक्षेत पोहोचू शकला नाही.

नकाशा यंत्रात की जाळ्यात

आता निवडीच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. याबाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. उपग्रहावरून स्थान कळण्यासाठी मोबाइलच्या जाळ्याची गरज नसते. यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकते, ते निघाल्याची व पोहोचल्याची वेळ ताडून पाहते आणि अंतर काढते. यंत्राकडून उपग्रहाकडे काहीही जात नाही. जाळे लागते ते दोन कामांसाठी, आणि खरेदीदाराचा सगळा घोळ या दोन कामांत होता.

पहिले काम वेळ वाचविण्याचे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे पन्नास बिट या गतीने पाठवितो. एका उपग्रहाची स्वतःची माहिती तीस सेकंदांत फिरून येते, तर सर्व उपग्रहांची ढोबळ सूची पूर्ण होण्यास साडेबारा मिनिटे लागतात. हीच माहिती जाळ्यावरून क्षणात घेण्याच्या पद्धतीला साहाय्यित जीपीएस म्हणतात. मार्च २००७ मध्ये बाजारात आलेला नोकिया एन-९५ हा या संदर्भातील बोलका नमुना आहे. त्यात जीपीएस होते, परंतु आरंभी ही साहाय्यित सोय नव्हती. गाडी सुरू करून पाच मिनिटे झाली तरी आपण कोठे आहोत हे त्याला ठरविता येत नसे, अशी त्याच्याविषयीची तक्रार होती. त्याच वर्षी आलेल्या नव्या सॉफ्टवेअरने ही उणीव दूर केली. मोबाइलमध्ये जीपीएस आहे काय, या प्रश्नाला नुसते होय असे उत्तर अपुरे का होते, हे यावरून दिसते.

दुसरे काम नकाशा आणण्याचे, आणि निवड खरोखर येथे होती. एन-९५ सारख्या यंत्रात नकाशा संगणकावरून उतरवून स्मृतिपत्रात साठविता येत असे. बोलून वाट सांगणाऱ्या सेवेला मात्र वेगळे शुल्क होते. नोकियाने जानेवारी २०१० मध्ये आपल्या स्मार्टफोनवरील हे शुल्क काढून टाकले. त्याआधी २००८ मध्ये तिने नकाशे बनविणारी नावटेक ही कंपनीच विकत घेतली होती, म्हणजे यंत्र विकणाऱ्याला नकाशाची किंमत कळलेली होती. दुसरा प्रवाह गुगलचा. तिची नकाशासेवा २००५ साली सुरू झाली, नोव्हेंबर २००७ मध्ये जीपीएस नसलेल्या मोबाइललाही मनोऱ्यांवरून अंदाजी स्थान सांगण्याची सोय आली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत अँड्रॉइडवर विनामूल्य मार्गदर्शन सुरू झाले. येथे नकाशा सर्व्हरवर राही आणि जाळ्यावरून तुकड्या-तुकड्याने येई. तिसरा पर्याय काचेला चिकटवायच्या स्वतंत्र यंत्राचा होता. त्यासाठी भारतीय रस्त्यांचा नकाशा तयार करण्यात मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचा मोठा वाटा आहे.

मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला या पर्यायांत विशेष फरक वाटला नसेल. सोलापुरात तो पडत होता, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. विजापूरकडे निघालेली मोटार टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडून धूळखेडला लागली की कर्नाटकाच्या दूरसंचार परिमंडळात जाई. हैदराबादचा रस्ता नळदुर्ग, उमरगा करीत आधी कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात आणि मग जहिराबादकडे आंध्र प्रदेशच्या परिमंडळात शिरे. आंध्रचे विभाजन होऊन २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले तरी परिमंडळ तेच राहिले. सुमारे तीनशे किलोमीटरच्या एका प्रवासात तीन परिमंडळे, आणि प्रत्येक हद्दीवर रोमिंगचा वेगळा आकार. नकाशा जाळ्यावर असेल तर नेमक्या अनोळखी मुलखात तो महाग होई किंवा येईनासाच होई. आपल्या गावात, जेथे वाट पाठ आहे, तेथे तो स्वस्त. सर्वेक्षणाच्या पत्रकांप्रमाणे याही नकाशाची कड सोलापूरच्या दाराशी येऊन संपत होती. म्हणून त्या काळात या भागातील चालकाने नकाशा यंत्रात साठविणारा मोबाइल निवडणे हेच शहाणपणाचे होते, पडदा लहान असला तरी चालण्यासारखे होते.

इतर कसोट्या साध्या होत्या, पण दुकानात त्या क्वचितच सांगितल्या गेल्या. मार्गदर्शन चालू असता पडदा, जीपीएस आणि जाळे एकाच वेळी वीज खातात. म्हणून मोटारीतील बारा व्होल्टच्या खोबणीतून चार्जिंग होणे बॅटरीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. काचेमागे उन्हात धरलेला मोबाइल तापून पडदा मंद करतो किंवा बंद पडतो, तेव्हा त्याची जागा वातानुकूलनाच्या झोतासमोर. आणि चालकाला पडद्यापेक्षा आवाजाचा उपयोग अधिक, कारण डोळे रस्त्यावर हवेत. या शेवटच्या कसोटीवर सगळीच यंत्रे दीर्घकाळ नापास होती. इंग्रजी वळणाचा यांत्रिक आवाज मंगळवेढा किंवा कुर्डुवाडी असा काही उच्चारी की गावकऱ्यालाही ते गाव ओळखू येऊ नये.

ही निवड २०१५-१६ मध्ये हळूहळू निरर्थक होत गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये गुगलने नकाशाचा भाग उतरवून ठेवून जाळ्याविना वाट दाखविण्याची सोय दिली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि पुढच्या वर्षभरात देशांतर्गत रोमिंगचा वेगळा आकारही व्यवहारातून नाहीसा झाला. टाकळीचा पूल मोबाइलच्या दृष्टीने पुन्हा नुसता पूल झाला. नंतरच्या काळात नाविकचा संकेत घेणाऱ्या चिप आल्या. क्वालकॉमने त्या जानेवारी २०२० मध्ये जाहीर केल्या आणि २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्येही ही सोय होती. खरेदीदाराने ती पाहावी, मात्र उपग्रहांची वर सांगितलेली अडचण लक्षात घेता केवळ तिच्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही.

नाव कोणाचे, दुरुस्ती कोणाची

नकाशा कोठे आहे हा प्रश्न असा मिटला, तरी तो कोणाचा हा राहिलाच. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि सर्वांसाठी खुली अशा दोन नकाशामालिका वेगळ्या केल्या. खुल्या मालिकेला जीपीएस ज्या पृथ्वी-आकृतीवर चालते तीच आकृती मिळाली. जुनी पत्रके एव्हरेस्टच्या आकृतीवर बेतलेली असल्याने त्यांवरील अक्षांश-रेखांश जीपीएसशी थेट जुळत नसत. नागरिकांनी स्वतः रस्ते भरावेत यासाठी गुगलने २००८ मध्ये मॅप मेकर हे साधन आणले. २०१३ मधील तिच्या नकाशास्पर्धेला सर्वेक्षण विभागाने आक्षेप घेतला, प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि मार्च २०१७ मध्ये ते साधनच बंद झाले. २०१६ च्या एका विधेयकाच्या मसुद्यात परवान्याविना भूस्थानिक माहिती बाळगणाऱ्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. तो मसुदा कायदा झाला नाही. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना नकाशे करण्याची मुभा दिली. पाच वर्षांत दंडापासून मुभेपर्यंतचा हा प्रवास विलक्षण म्हणावा लागेल.

सोलापूरच्या दृष्टीने या काळातील मोठी उलथापालथ नावांची आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून विजापूरचे विजयपुर आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणजे शहरातून निघणाऱ्या मुख्य रस्त्यांपैकी कित्येकांच्या टोकाची नावे दशकभरात बदलली. जानेवारी २०२१ मध्ये गुगलने मराठी, कन्नड, तेलुगूसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे दाखविण्यास आरंभ केला, हे चार भाषांच्या शहरासाठी महत्त्वाचे पाऊल होय. परंतु लोकांच्या तोंडी विजापूर वेस विजापूर वेसच राहिली आहे, आणि मोबाइललाही ती त्याच नावाने शोधावी लागते. रस्त्यांची सलग छायाचित्रे दाखविणारी स्ट्रीट व्ह्यू सेवा जुलै २०२२ मध्ये भारतात दहा शहरांपासून सुरू झाली. त्यांत पुणे, नाशिक आणि अहमदनगर होते, सोलापूर नव्हते. मोठ्या शहरांचा नकाशा आधी सुधारतो आणि आडबाजूच्या गावाची चूक तशीच राहते, हा अनुभव त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळापासूनचा आहे.

पाण्याखालचा रस्ता

या चुकीची किंमत काय असू शकते, हे जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राला दिसले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी मोबाइलने दाखविलेल्या वाटेने निघालेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि तिच्यातील एकाचा मृत्यू झाला. पूल नकाशावर होता आणि प्रत्यक्षातही होता. पाणी मात्र नकाशावर नव्हते. गावातील कोणीही ही गोष्ट सांगू शकला असता, पण रात्री विचारणार कोणाला?

सोलापूर जिल्ह्याला हे अपरिचित नाही. उजनीच्या जलाशयाने भीमाकाठचे रस्ते आणि गावे पोटात घेतली आहेत. इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. करमाळा आणि इंदापूर या समोरासमोरच्या तालुक्यांतील लोक अंतर वाचविण्यासाठी होडीने ये-जा करीत आले आहेत. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान अशी एक बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. मोटारीचा नकाशा अशा ठिकाणी लांबचा वळसा दाखवितो आणि तो योग्यच असतो. यंत्रात उतरवून ठेवलेला नकाशा मात्र ज्या दिवशी उतरविला त्या दिवसाचा असतो, ही बाब चालकाने विसरता कामा नये. त्याचे नूतनीकरण करणे हे टायरची हवा पाहण्याइतकेच नित्याचे काम आहे.

कायद्यानेही या साधनाची दखल उशिरा घेतली. वाहन चालविताना मोबाइल हाताळणे हा गुन्हाच होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून हातातील संपर्कसाधनाचा उपयोग केवळ मार्गदर्शनासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करण्यास मुभा मिळाली. म्हणजे मोबाइल पक्क्या बैठकीत बसविलेला हवा आणि ठिकाण गाडी सुरू करण्यापूर्वी टंकलेले हवे.

आषाढीच्या सुमारास पंढरपूरकडे येणारे रस्ते पालख्यांच्या मुक्कामानुसार बंद व खुले होत असतात. वाहतुकीतील बदल पोलीस प्रशासन दरवर्षी जाहीर करते आणि ते स्थानिक वृत्तपत्रांत छापून येतात. त्या दिवसांत वारकऱ्यांच्या गर्दीने मोबाइलचे जाळे तुंबते, आणि मोहोळकडून येणारी मोटार नाक्यावर थांबवून चालक काच खाली करतो व बंदोबस्तावरील शिपायाला वाट विचारतो.